‘एकोणतीस’चे कोडे आणि वऱ्हाडातील गणित-शिक्षकांचे प्रशिक्षण

दुसरीच्या वर्गात गुरुजी ‘एकोणतीस’ ही संख्या सांगतात आणि काही मुलांच्या पाटीवर ३९ उमटतात. अमरावती-अकोल्यातच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला ही चूक परिचयाची आहे. बहुतेक वेळा तिच्यावर फुली पडते, बरोबर उत्तर फळ्यावर लिहिले जाते आणि वर्ग पुढे सरकतो. वास्तविक या चुकीमागे मुलाचा विचार आहे. ‘तीस’ हा शब्द त्याने ऐकला आणि तो ३ या अंकाशी जोडला. ‘एकोण’ने सुरू होणाऱ्या संख्येच्या शेवटी ९ येतो, हेही त्याच्या ध्यानात होते. ‘एकोण’ म्हणजे ‘एक उणे’, एवढेच त्याला कोणी उलगडून सांगितलेले नव्हते.

गणिताच्या शिक्षकाचे खरे प्रशिक्षण कोणते, या प्रश्नाचे उत्तर या एका चुकीत दडलेले आहे. ही चूक का झाली हे ओळखणे आणि ती दूर होईल असा पुढचा प्रश्न मुलाला विचारणे, हे कौशल्य ज्याच्यापाशी आहे तो प्रशिक्षित शिक्षक. गेल्या चार दशकांत दूरचित्रवाणी, उपग्रह, संगणक आणि मोबाइल अशा एकामागून एक साधनांनी शिक्षक-प्रशिक्षण वऱ्हाडातील गावोगावी पोहोचविण्याचे प्रयत्न झाले. त्यांतून माहिती निश्चितच पोहोचली. परंतु हे कौशल्य पोहोचले काय, याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

संख्यानामांची अडचण

मराठीत एक ते शंभरपर्यंतची संख्यानामे मुलाला जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. ‘बत्तीस’ म्हणताना आधी दोन येतात व मग तीस. लिहिताना मात्र आधी ३ आणि मग २. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’ची आठ संख्यानामे आहेत आणि ९९ला हा नियम मोडून ‘नव्व्याण्णव’ म्हणावे लागते. ‘त्रेपन्न’, ‘अठ्ठ्याहत्तर’, ‘ब्याण्णव’ या शब्दांतील जोडाक्षरे दुसरीतील मुलाच्या वाचनाच्या आवाक्याबाहेरची असतात. तेलुगू वा कन्नडमध्ये ‘वीस-एक’ या क्रमानेच एकवीस म्हटले जाते. इंग्रजीतही विसाच्या पुढे तोच क्रम आहे. जर्मन मुलांना मात्र मराठी मुलांप्रमाणेच उलट्या क्रमाला तोंड द्यावे लागते.

वऱ्हाडात या अडचणीला बोलीचा आणखी एक पदर आहे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. घरी ‘चायीस’ ऐकणाऱ्या मुलाला पुस्तकातील ‘चाळीस’ हा नवा शब्द वाटू शकतो. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाटात, म्हणजे धारणी व चिखलदरा तालुक्यांत, प्रश्न याहून गंभीर होतो. तेथील अनेक मुलांची मातृभाषा कोरकू आहे. ही भाषा मुंडा कुळातील असून तिची संख्यानामे मराठीहून सर्वस्वी भिन्न आहेत. मोजणे येत असलेले मूल केवळ मराठी शब्द न आल्याने ‘गणितात कच्चे’ ठरू शकते. मुलाला संख्या कळत नाही की संख्येचे नाव कळत नाही, हा भेद शिक्षकाला करता आला नाही, तर पहिल्या दोन वर्षांतच ते मूल गणितातून बाहेर पडते. पुढे त्याला परत आणणे अवघड होते, कारण बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक ही सारी इमारत स्थानिक किमतीच्या पायावर उभी असते.

एका गणितज्ञ प्राध्यापिकेचे काम

या प्रश्नाकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले ते २०१९ मध्ये. ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’बरोबरच ‘वीस एक’, ‘बत्तीस’बरोबरच ‘तीस दोन’ असे वाचन देण्यात आले. त्यावर वृत्तपत्रांतून, समाजमाध्यमांतून आणि विधिमंडळातही वाद झडला. मराठी भाषा बिघडविली जात असल्याचा आक्षेप घेण्यात आला. या बदलामागील गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर.

१७ मे १९४३ रोजी जन्मलेल्या मंगलाताई मुंबई विद्यापीठाच्या गणिताच्या सुवर्णपदक विजेत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले आणि संसार सांभाळत १९८१ मध्ये संख्याशास्त्राच्या विश्लेषणात्मक शाखेत पीएच.डी. मिळविली. येथे संख्याशास्त्र म्हणजे आकडेवारीचे शास्त्र नव्हे, तर पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास. केंब्रिजपासून पुण्यापर्यंत त्यांनी अध्यापन केले. ‘गणितगप्पा’, ‘गणिताच्या सोप्या वाटा’ यांसारखी पुस्तके लिहिली. १७ जुलै २०२३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

वादाच्या गदारोळात एक गोष्ट झाकोळली गेली. प्रचलित संख्यानामे पुस्तकातून काढून टाकलेली नव्हती. नवे वाचन पर्याय म्हणून शेजारी ठेवले होते. ज्या मुलाला ‘बत्तीस’ लिहिताना २३ लिहिण्याचा मोह होतो, त्याला ‘तीस दोन’ ही पायरी मिळावी, एवढाच त्यामागील हेतू होता. उच्च गणितात संशोधन केलेल्या व्यक्तीने सात वर्षांच्या मुलाच्या चुकीचा इतका बारकाईने विचार करावा, हे या प्रकरणातील खरे महत्त्वाचे आहे. तथापि, पाठ्यपुस्तकात आलेली ही पायरी केव्हा वापरावी आणि केव्हा सोडून द्यावी, हे ठरविणारा असतो वर्गातील शिक्षक. शिक्षकाला तिच्यामागील कारण समजले नसेल, तर तो दोन्ही पद्धती पाठ करून घेईल आणि मुलावरील ओझे दुप्पट होईल. पाठ्यपुस्तकातील सुधारणेपाठोपाठ प्रशिक्षणाचा प्रश्न येतो तो असा.

पावकी-निमकी ते पावणेदोन भागिले अर्धा

वऱ्हाडला शिक्षक-प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी अकोल्यात प्रशिक्षण विद्यालय होते. त्या काळच्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी पाठ असे. बाजारात मापे पाव-अर्ध्याची आणि हिशेब रुपये-आणे-पैशांत असल्याने ते आवश्यकही होते. १९५७ मध्ये दशमान नाणेपद्धती आली, पाठोपाठ मेट्रिक मापे आली आणि ही पाठांतरे मागे पडली. त्यांच्याबरोबर पाव-अर्ध्याची जी सहजता होती, तीही ओसरली.

अपूर्णांकांचा भागाकार हा शिक्षकाच्या जाणकारीचा कस पाहणारा घटक मानला जातो. लिपिंग मा या अभ्यासिकेने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांची तुलना केली होती. त्यांना विचारलेला एक प्रश्न असा : पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि हे उदाहरण ज्यात लागू पडेल अशी एखादी गोष्ट सांगा. चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर आले आणि बहुसंख्यांना योग्य गोष्टही सांगता आली. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांहून कमी जणांना बरोबर उत्तर काढता आले. अनेकांनी ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘दोन समान भाग करणे’ यांत गल्लत केली. चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचे होते, हे विशेष.

आपल्याकडे हा प्रश्न सोप्या भाषेत मांडता येतो. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने मोजले, तर किती मापे भरतील? साडेतीन. ‘खालचा अपूर्णांक उलटा करून गुणा’ हा नियम येणारा शिक्षक उत्तर काढतो. दुधाचे माप सुचणारा शिक्षक मुलाला उत्तर मोठे का आले ते दाखवितो. पदवी दोघांचीही सारखी असू शकते. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या दुसऱ्या प्रकारच्या जाणकारीला स्वतंत्र नाव दिले. विषयाचे ज्ञान आणि शिकविण्याचे तंत्र या दोन्हींच्या संगमावर ती उभी असते आणि नुसत्या विषयज्ञानाने अथवा नुसत्या तंत्राने ती येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पडद्यावरून आलेले प्रशिक्षण

दृक्‌श्राव्य माध्यमातून शिक्षण खेड्यात नेण्याचा महाराष्ट्रातील मोठा प्रयत्न म्हणजे १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होत. कालांतराने ही संस्था बंद पडली. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याची सेवा २०१० मध्ये संपली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड मोबाइलने टिपून चित्रफिती पाहता येऊ लागल्या. क्यूआर कोडची ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आधीच आपल्या वर्गात राबविली होती. त्यांना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

ऑगस्ट २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा सुमारे ४२ लाख शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवणारा केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला. आरंभी समोरासमोर असलेले हे प्रशिक्षण करोनाच्या साथीमुळे ऑक्टोबर २०२०पासून ऑनलाइन झाले. २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियानाच्या अनुषंगाने पायाभूत साक्षरतेसाठी १२ अभ्यासक्रम आले. त्यांतील एक पायाभूत संख्याज्ञानाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे.

या योजनांचा लाभ नाकारता येणार नाही. धारणीच्या शिक्षकाला पुण्याच्या तज्ज्ञाचे व्याख्यान ऐकण्यासाठी आता रजा, प्रवासभत्ता आणि दोन दिवसांचा प्रवास यांची गरज उरलेली नाही. अडचण आहे ती मोजमापाची. किती शिक्षकांनी चित्रफिती पूर्ण पाहिल्या, किती जणांनी बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे दिली, किती प्रमाणपत्रे निघाली, हे संगणकावर सहज मोजता येते. ३९ लिहिणाऱ्या मुलाला शिक्षकाने दुसऱ्या दिवशी कोणता प्रश्न विचारला, हे मोजता येत नाही. जे मोजता येते त्याचाच अहवाल वर जातो आणि हळूहळू तेच उद्दिष्ट बनते.

हरिसालचा धडा

मेळघाटातील हरिसाल हे धारणी तालुक्यातील गाव २०१६च्या सुमारास देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने तेथे इंटरनेट, दूरवैद्यकीय सेवा आणि ई-लर्निंगची सोय करण्याचा उपक्रम होता. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात हेच गाव वादाचा विषय झाले. दावे आणि प्रत्यक्ष स्थिती यांवर दोन्ही बाजूंनी आरोप-प्रत्यारोप झाले. राजकारण बाजूला ठेवले, तरी एक प्रश्न उरतो. यंत्रे आल्यानंतर ती चालू ठेवणारा, त्यांतील आशय स्थानिक भाषेशी जोडणारा माणूस कोण? कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठीतील चित्रफीत हे दुहेरी भाषांतर ठरते. ते करून देणारा शिक्षक वर्गात असेल तरच पडद्याचा उपयोग.

साथीच्या काळात हे सर्वत्र दिसले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या मोहिमेतून राज्यभर व्हॉट्सॲपवर अभ्यासमाला पाठविण्यात आली. जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका दाखविली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट प्रथम अमरावती विभागात जाणवली आणि अमरावती शहर व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी लागली. त्या महिन्यांत अभ्यास मोबाइलवर गेला. वही मात्र शिक्षकाच्या नजरेआड राहिली. गणितासाठी ही हानी मोठी होती, कारण मुलाची विचारपद्धती वहीतच दिसते.

माणूस जोडलेले तंत्रज्ञान

तंत्रज्ञान आणि माणूस यांची सांगड घालणारा एक चांगला नमुना महाराष्ट्रातच निर्माण झाला. मुंबईच्या आयआयटीचे प्रा. दीपक फाटक यांनी अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी एकाच वेळी हजारोंना सामावून घेणारी प्रशिक्षणे उभी केली. पवई येथून व्याख्याने थेट प्रक्षेपित होत. परंतु देशभरातील प्रत्येक केंद्रावर आधी पवईत तयार केलेला समन्वयक हजर असे. प्रात्यक्षिके, शंका आणि गटचर्चा त्याच्या देखरेखीखाली चालत. फाटक यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. दूरचा तज्ज्ञ आणि जवळचा जाणकार अशी ही दुहेरी रचना प्राथमिक गणितासाठीही योग्य आहे.

याहून जुना दाखला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्याच दशकात वऱ्हाडच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातील शाळांत काम केले. विज्ञान आणि गणित न समजण्याचे एक मोठे कारण पुस्तकाची अवघड भाषा हे असते, या मुद्द्यावर कुलकर्णी यांनी सातत्याने भर दिला. मुलांमध्ये जाऊन अडचण कोठे आहे ते आधी शोधावे आणि मग साहित्य तयार करावे, हा क्रम त्यांनी घालून दिला. डिजिटल साहित्याच्या बाबतीत पुष्कळदा हा क्रम उलटा होतो.

कापूस, गुंठा आणि शेकडा

वऱ्हाडातील शिक्षकाला उदाहरणांसाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. अकोला आणि अमरावती कापसाच्या बाजारपेठा म्हणून प्रसिद्ध आहेत. १ क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४ किलो रुई निघते असे धरले आणि रुईची गाठ १७० किलोची असते हे सांगितले, तर एका गाठीसाठी किती कापूस लागेल? १७० भागिले ३४, म्हणजे ५ क्विंटल. उतारा ३४ऐवजी ३२ टक्के आला, तर? येथे भागाकार, शेकडेवारी आणि व्यस्त प्रमाण एकत्र येतात. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये असते आणि बोलण्यात एकर-गुंठे असतात. १ गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट; १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन्ही जवळपास सारखे असल्याने लोक ते एकच समजतात. किती क्षेत्रावर हा फरक मोठा होईल, हे काढणे सातवीच्या मुलाला जमण्याजोगे आहे.

आणि शेवटी शेकडा. खासगी सावकाराचे व्याज गावात ‘शेकडा तीन रुपये’ असे सांगितले जाते. हा दर महिन्याचा असतो. १०,००० रुपयांवर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये, म्हणजे वार्षिक ३६ टक्के. ‘तीन’ हा आकडा ऐकताना लहान वाटतो. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या प्रदेशाचे नाव देशभर झाले, तेथे या ‘तीन’मागील ३६ दिसणे ही केवळ परीक्षेतील गुणांची बाब नाही. कर्जाचा प्रश्न गणिताने सुटणार नाही हे खरे. परंतु आपण कशावर अंगठा वा सही करीत आहोत, हे कळण्यासाठी तरी ते हवेच.

काय करता येईल?

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत आणि केंद्रस्तरावर शिक्षण परिषदाही भरतात. त्या परिषदेत परिपत्रकांचे वाचन आटोपल्यावर एक तास मुलांच्या वह्यांसाठी राखून ठेवता येईल. प्रत्येक शिक्षकाने महिनाभरात भेटलेली एक चूक मोबाइलवर टिपून आणावी, मुलाचे नाव झाकून. ५२ मधून २७ वजा करून ३५ कसे आले? ‘तीनशे पाच’चे ३००५ का झाले? ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे का वाटले? एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळून दोन पंचमांश का झाले? या चुकांवर चर्चा व्हावी, दुसऱ्या दिवशी विचारायचा प्रश्न ठरावा आणि पुढच्या महिन्यात त्याचे फलित सांगावे. महाविद्यालयांतील गणिताच्या प्राध्यापकांनी अशा चर्चेत ऑनलाइन सहभागी व्हावे. त्यांना यातून पदोन्नतीचे गुण मिळाले, तर उत्तमच.

‘दीक्षा’वरील चित्रफिती या चर्चेला पूरक ठरतील, पर्याय नव्हे. मेळघाटातील परिषदेत कोरकू जाणणारा एक तरी शिक्षक असावा, म्हणजे मुलाचा घोटाळा संख्येचा आहे की शब्दाचा, हे त्याच बैठकीत कळेल. प्रमाणपत्रांची संख्या अहवालात राहू द्यावी. तिच्या शेजारी आणखी एक रकाना मात्र जोडावा : या महिन्यात कोणती चूक समजली? पहिल्या महिन्यात त्या रकान्यात एकट्या ‘एकोणतीस’ची नोंद झाली, तरी सुरुवात म्हणून ती पुरेशी आहे.